फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव: फारोख बलसारा, जन्म: ५ सप्टेंबर, इ.स. १९४६, स्टोन टाउन, झांझिबार. मृत्यू: २४ नोव्हेंबर, इ.स. १९९१, लंडन) हे ब्रिटिश रॉक गायक, गीतकार, संगीतकार आणि पियानोवादक होते. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचे प्रमुख गायक म्हणून ते जगभर ओळखले जातात. इ.स. १९७३ ते १९९१ या अठरा वर्षांत क्वीनचे चौदा स्टुडिओ अल्बम प्रसिद्ध झाले. पंधरावा अल्बम मर्क्युरी यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी पूर्ण करण्यात आला. याशिवाय त्यांनी एक स्वतंत्र अल्बम आणि स्पॅनिश ऑपेरा गायिका मोंतसेरात काबाये यांच्यासमवेत एक अल्बम केला. पारशी कुटुंबात जन्मलेल्या मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण महाराष्ट्रातील पाचगणी येथे झाले आणि त्यांच्या संगीतजीवनाचा आरंभही तेथेच झाला.

मर्क्युरी यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन बहुधा त्यांच्या मोजक्या लोकप्रिय गीतांवरून केले जाते. तथापि ते ज्या काळात घडले, त्या काळी रॉक संगीतातील सर्जनाचे मुख्य एकक सुटे गीत नसून अल्बम, म्हणजे दोन बाजूंची सलग ध्वनिमुद्रिका, हे होते. त्यामुळे त्यांच्या कलेतील चढउतार, प्रयोग आणि चुका या अल्बमच्या क्रमानेच अधिक स्पष्ट होतात.

जन्म व कुटुंब

मर्क्युरी यांचा जन्म पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर झाला. त्या वेळी झांझिबार ब्रिटिशांच्या संरक्षणाखालील सुलतानी राज्य होते. त्यांचे वडील बोमी बलसारा हे तेथील ब्रिटिश प्रशासनात रोखपाल होते; आईचे नाव जेर. हे कुटुंब मूळचे गुजरातेतील होते आणि बलसाड (आताचे वलसाड) या गावावरून त्यांचे आडनाव पडले होते. घरी जरथुश्ती धर्माचे पालन होत असे आणि पारशी रिवाजाप्रमाणे फारोख यांचा नवजोत विधीही झाला होता.

पाचगणीतील शिक्षण

वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास फारोख यांना समुद्रमार्गे भारतात पाठवण्यात आले व सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील सेंट पीटर्स या निवासी शाळेत दाखल करण्यात आले. आईवडील झांझिबारला आणि मुलगा सह्याद्रीच्या पठारावर, अशी ही सुमारे आठ वर्षांची ताटातूट होती. सुट्ट्यांमध्ये ते मुंबईतील नातेवाइकांकडे राहत असत. शाळेतच मित्र व शिक्षक त्यांना ‘फ्रेडी’ म्हणू लागले आणि हे नाव कायम राहिले.

शाळेत ते टेबल टेनिस व मुष्टियुद्ध खेळत, नाटकांत काम करत आणि गायकवृंदात गात. त्यांचा संगीताकडील ओढा शाळेच्या मुख्याध्यापकांच्या ध्यानी आला आणि त्यांनी घरी कळवल्यावर पियानोच्या शिकवणीची सोय करण्यात आली. एकदा ऐकलेली चाल पियानोवर वाजवून दाखवण्याचे कौशल्य त्यांच्यात लवकरच दिसू लागले. इ.स. १९५८ मध्ये शाळेतील पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद स्थापन केला. क्लिफ रिचर्ड, लिट्ल रिचर्ड आदी गायकांची त्या वेळची लोकप्रिय गीते हा वृंद शाळेच्या कार्यक्रमांत सादर करी. पुढे मंचावर अखंड वावरणारे मर्क्युरी या वृंदात मुख्य गायक नव्हते. ते पियानो वाजवत असत.

लंडनमधील प्रारंभीचा काळ

भारतातून झांझिबारला परतल्यावर थोड्याच काळात, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे क्रांती होऊन सुलतानाची राजवट उलथवण्यात आली. अरब व भारतीय वंशाच्या अनेक लोकांची त्या वेळी हत्या झाली. बलसारा कुटुंब घरदार सोडून इंग्लंडला गेले आणि लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम येथे स्थायिक झाले. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचे होते.

त्यांनी आयझलवर्थ येथे कलाशिक्षणाची पूर्वतयारी केली आणि नंतर ईलिंग कला महाविद्यालयातून आरेखन व ग्राफिक कलेची पदविका इ.स. १९६९ मध्ये मिळवली. महाविद्यालयातील सहाध्यायी टिम स्टॅफेल हा ‘स्माइल’ या वृंदात गात असे. गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर हे त्याचे सहकारी होते. त्यांच्या तालमींना फ्रेडी नियमित हजर राहू लागले. या काळात त्यांनी आयबेक्स, सॉर मिल्क सी अशा अल्पजीवी वृंदांतून गायन केले, केन्सिंग्टनच्या बाजारात टेलर यांच्यासह जुन्या कपड्यांचा गाळा चालवला आणि हीथ्रो विमानतळावर सामान हाताळण्याचे कामही केले.

इ.स. १९७० मध्ये स्टॅफेल बाहेर पडल्यावर फ्रेडी त्या वृंदाचे गायक झाले. वृंदाला ‘क्वीन’ हे नाव त्यांनी सुचवले. याच सुमारास त्यांनी बलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे नाव धारण केले. इ.स. १९७१ मध्ये बासवादक जॉन डीकन यांचा समावेश झाल्यावर वृंद पूर्ण झाला आणि पुढील वीस वर्षे या चौघांत बदल झाला नाही. चौघांच्या राशींची चिन्हे व वर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी अशी क्वीनची मुद्रा मर्क्युरी यांनी स्वतः रेखाटली.

अल्बमनिहाय कारकीर्द

आरंभ (१९७३–१९७४)

‘क्वीन’ हा पहिला अल्बम लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत, इतर कलावंतांचे काम नसेल अशा अवेळी, तुकड्यातुकड्याने ध्वनिमुद्रित झाला. तो प्रसिद्ध होण्यास जुलै १९७३ उजाडला. तोपर्यंत त्यातील संगीत काहीसे जुने वाटू लागले होते आणि विक्रीही बेताचीच झाली. दहांपैकी निम्मी गीते मर्क्युरी यांची होती. त्यांतील कल्पित राजे, पऱ्या व धर्मकथा यांचा पसारा आज बाळबोध वाटला, तरी एकाच गीतात अनेक लयी बदलण्याची त्यांची सवय येथेच दिसते.

मार्च १९७४ मधील ‘क्वीन २’ हा त्यांच्या प्रारंभीच्या काळातील सर्वांत महत्त्वाकांक्षी अल्बम होय. ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजूंना ‘शुभ्र’ व ‘कृष्ण’ अशी नावे देण्यात आली. कृष्ण बाजूवरील सर्व गीते मर्क्युरी यांची असून ती एकमेकांत मिसळत जातात. त्यांपैकी एक गीत रिचर्ड डॅड या एकोणिसाव्या शतकातील चित्रकाराच्या लंडनच्या टेट कलादालनातील चित्रावर आधारलेले आहे. चित्रातील बारीकसारीक पात्रे गीतात एकामागून एक येतात. कलेच्या विद्यार्थ्याची नजर आणि संगीतकाराचा कान यांचा असा मेळ त्यांच्या पुढील कामात क्वचितच आढळतो. समीक्षकांनी या अल्बमवर अवजडपणाचा ठपका ठेवला, पण ‘सेव्हन सीज ऑफ राय’ हे गीत ब्रिटिश क्रमवारीत दहाव्या स्थानी पोचले आणि अल्बम पाचव्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘शीअर हार्ट अटॅक’मध्ये त्यांनी पसारा आवरला. ब्रायन मे दीर्घकाळ आजारी असल्याने काही भाग त्यांच्या अनुपस्थितीत ध्वनिमुद्रित झाला. ‘किलर क्वीन’ हे मर्क्युरी यांचे जेमतेम तीन मिनिटांचे गीत पियानोप्रधान, नर्मविनोदी आणि काटेकोर रचनेचे आहे. ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्थानी पोचले व त्यासाठी त्यांना आयव्हर नोव्हेलो पुरस्कार मिळाला. थोडक्यात सांगण्याची कला त्यांना येथे साधली, असे मानले जाते.

उत्कर्ष (१९७५–१९७७)

इ.स. १९७५ च्या नोव्हेंबरात ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ प्रसिद्ध झाला. त्याआधी दोन गीते गाजूनही वृंदाच्या हाती पैसा आलेला नव्हता आणि जुन्या व्यवस्थापनाशी त्यांचा संबंध कटुतेने संपला होता. हा अल्बम पडला असता तर क्वीन बहुधा विसर्जित झाले असते. अशा वेळी त्यांनी खर्च कमी करण्याऐवजी त्या काळच्या अत्यंत खर्चिक अल्बमांपैकी एक तयार केला. मार्क्स बंधूंच्या विनोदी चित्रपटावरून त्याचे नाव ठेवण्यात आले.

या अल्बममधील ‘बोहेमियन रॅप्सडी’ ही मर्क्युरी यांची सर्वांत प्रसिद्ध रचना. ती पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांची आहे. संथ प्रारंभ, पियानोवरील भावगीत, गिटारचा एकल भाग, ऑपेरासदृश समूहगान, रॉक आणि पुन्हा शांत समारोप असे तिचे भाग असून ध्रुपद मात्र नाही. समूहगानाचा भाग मर्क्युरी, मे व टेलर या तिघांनीच आपले आवाज थरावर थर मुद्रित करून उभा केला. एवढ्या एका भागासाठी सुमारे तीन आठवडे लागले. संपूर्ण रचनेचा आराखडा मर्क्युरी यांच्या डोक्यात तयार होता आणि सहकाऱ्यांना तुकडे गाताना अंतिम रूपाची पूर्ण कल्पना नव्हती. इतके लांब गीत आकाशवाणी केंद्रे लावणार नाहीत असे ध्वनिमुद्रण कंपनीचे मत होते. निवेदक केनी एव्हरेट यांनी ते लंडनच्या एका खासगी रेडिओ केंद्रावरून पुनःपुन्हा ऐकवले आणि श्रोत्यांची मागणी वाढली. गीत ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या स्थानी राहिले. त्यासाठी चित्रित केलेली फीत गीताच्या प्रसारासाठी दृश्यफीत वापरण्याच्या पद्धतीतील महत्त्वाचा टप्पा ठरली.

या एका गीतामुळे अल्बममधील इतर रचना झाकोळल्या जातात. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे पियानो व हार्पच्या साथीचे गीत, जुन्या इंग्रजी रंगमंचावरील हलक्याफुलक्या संगीताच्या ढंगातील दोन लहान गीते आणि जुन्या व्यवस्थापनावर उघड संताप व्यक्त करणारे आरंभीचे गीत ही सर्व मर्क्युरी यांचीच आहेत. एका लेखणीतून इतक्या भिन्न रीतींची गीते एकाच अल्बममध्ये येणे विरळा होते. हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या व अमेरिकेत चौथ्या स्थानी पोचला.

डिसेंबर १९७६ मधील ‘अ डे ॲट द रेसेस’ हा त्याचा जोड-अल्बम मानला जातो. निर्मिती वृंदाने स्वतः केली. नवलाई कमी झाली असली, तरी ‘समबडी टु लव्ह’ या गीतात मर्क्युरी यांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल गायनाची धाटणी आत्मसात केली. अरेथा फ्रँकलिन या गायिकेविषयी त्यांना वाटणारा आदर या गीतामागे होता.

इ.स. १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये पंक संगीताची लाट आली. भव्यता, वेशभूषा व वाद्यकौशल्य या साऱ्यांची तरुण वृंद खिल्ली उडवू लागले. त्याच वर्षी आलेल्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’मध्ये क्वीनने आपली शैली सडसडीत केली. मे यांचे ‘वुइ विल रॉक यू’ आणि मर्क्युरी यांचे ‘वुइ आर द चॅम्पियन्स’ ही दोन्ही गीते प्रेक्षकांनी सोबत गावीत या हेतूने रचलेली होती. दुसरे गीत पुढे जगभरच्या क्रीडांगणांवर विजयगीत बनले. समीक्षकांना त्यात अहंकार दिसला. श्रोत्यांनी मात्र ते सामुदायिक गीत म्हणून स्वीकारले.

बदलते वळण (१९७८–१९८२)

‘जॅझ’ (१९७८) या अल्बमवर, विशेषतः अमेरिकेत, अत्यंत जहरी टीका झाली. त्याच्या प्रसिद्धीसाठी केलेला नग्न सायकलस्वार स्त्रियांच्या शर्यतीचा प्रकारही वादग्रस्त ठरला. अल्बम विस्कळीत आहे हे आजही सामान्यपणे मान्य केले जाते. परंतु त्यातील ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ हे मर्क्युरी यांचे गीत त्या वेळी मध्यम यश मिळवूनही पुढे त्यांच्या सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या गीतांपैकी एक ठरले. ‘मुस्तफा’ या पहिल्याच गीतात पौर्वात्य सुरावट व अरबी-फारसी वळणाचे शब्द येतात. आपल्या मूळ परंपरेविषयी सहसा न बोलणाऱ्या मर्क्युरी यांच्या रचनांमध्ये हे उदाहरण अपवादात्मक आहे.

‘द गेम’ (१९८०) जर्मनीतील म्युनिक येथे तयार झाला. आधीच्या अनेक अल्बमांच्या वेष्टनांवर सिंथेसायझर वापरलेला नाही असे अभिमानाने नमूद केलेले असे. या अल्बमपासून ते वाद्य क्वीनच्या संगीतात आले. ‘क्रेझी लिट्ल थिंग कॉल्ड लव्ह’ हे एल्व्हिस प्रेस्ली यांच्या काळच्या ढंगातील गीत मर्क्युरी यांनी अल्पावधीत रचले आणि ते अमेरिकेत पहिल्या स्थानी गेले. डीकन यांचे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे गीतही तेथे पहिले आले. हा क्वीनचा अमेरिकेत पहिल्या स्थानी पोचलेला एकमेव स्टुडिओ अल्बम होय. त्याच वर्षी त्यांनी ‘फ्लॅश गॉर्डन’ या चित्रपटाला संगीत दिले. इ.स. १९८१ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे एका रात्री एक लाखाहून अधिक श्रोत्यांसमोर त्यांचा कार्यक्रम झाला. याच वर्षी आलेला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा निवडक गीतांचा संग्रह पुढे ब्रिटनच्या इतिहासातील सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला.

‘हॉट स्पेस’ (१९८२) हा मर्क्युरी यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त अल्बम मानला जातो. म्युनिकच्या नृत्यगृहांतील डिस्को व फंक संगीताचा प्रभाव त्यावर आहे. गिटार मागे पडल्याने जुने चाहते नाराज झाले, वृंदातही मतभेद झाले आणि अमेरिकेतील लोकप्रियतेला उतरती कळा लागली; मर्क्युरी यांच्यासह क्वीनने त्यानंतर अमेरिकेत दौरा केला नाही. डेव्हिड बोवी यांच्यासमवेतचे ‘अंडर प्रेशर’ हे गीत मात्र सर्वमान्य ठरले. मर्क्युरी व बोवी यांच्या आवाजांतील चढाओढ हे त्याचे बलस्थान आहे.

पुनरागमन (१९८४–१९८६)

‘द वर्क्स’ (१९८४) मध्ये क्वीनने रॉक व सिंथेसायझर यांचा समतोल साधला. मर्क्युरी यांची गीते गाजली, पण सर्वाधिक यश टेलर यांच्या ‘रेडिओ गा गा’ आणि डीकन यांच्या ‘आय वाँट टु ब्रेक फ्री’ या गीतांना लाभले. दुसऱ्या गीताच्या दृश्यफितीत चौघांनी स्त्रीवेश धारण केला होता. ब्रिटनमध्ये तो विनोद समजला गेला, अमेरिकेत मात्र त्याचे विपरीत पडसाद उमटले.

त्याच वर्षी क्वीनने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केले. वर्णभेदी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार असताना केलेल्या या दौऱ्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली, ब्रिटिश वादक संघटनेने दंड ठोठावला आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या काळ्या यादीतही त्यांचे नाव गेले. आपण राजकारणासाठी नव्हे तर श्रोत्यांसाठी गेलो होतो ही वृंदाची भूमिका फारशी कोणाला पटली नाही. वांशिक संघर्षामुळे स्वतः देशोधडीला लागलेल्या कुटुंबातील गायकाच्या चरित्रात ही घटना विशेष विसंगत वाटते.

एप्रिल १९८५ मध्ये मर्क्युरी यांचा ‘मिस्टर बॅड गाय’ हा स्वतंत्र अल्बम आला. ब्रिटनमध्ये तो सहाव्या स्थानी पोचला. सहकाऱ्यांचा विरोध व गिटारची धार नसल्याने त्यांची गीते येथे गोड पण एकसुरी झाली, असे अनेक समीक्षकांचे मत आहे. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम झाला. क्वीनने सुमारे वीस मिनिटांत सहा गीते सादर केली. सुमारे ७२,००० प्रेक्षकांना मर्क्युरी यांनी केवळ आवाज व हातवाऱ्यांनी आपल्यासोबत गाण्यास लावले. हे सादरीकरण रॉक संगीताच्या इतिहासातील सर्वोत्कृष्ट सादरीकरणांत गणले जाते.

‘अ काइंड ऑफ मॅजिक’ (१९८६) या अल्बममधील बरीच गीते ‘हायलँडर’ या चित्रपटासाठी रचलेली होती. त्यानंतरच्या युरोप दौऱ्यात क्वीनने वेम्ब्ली येथे दोन आणि तत्कालीन साम्यवादी हंगेरीतील बुडापेस्ट येथे एक कार्यक्रम केला. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे झालेला कार्यक्रम हा मर्क्युरी यांचा क्वीनसमवेतचा अखेरचा जाहीर कार्यक्रम ठरला. त्यांच्या हयातीत क्वीनचा कार्यक्रम भारतात कधीही झाला नाही.

अखेरचे अल्बम (१९८७–१९९१)

इ.स. १९८७ मध्ये मर्क्युरी यांना एड्स झाल्याचे निदान झाले. त्या काळी या आजारावर परिणामकारक उपचार नव्हते. त्यांनी ही गोष्ट निकटच्या मोजक्या व्यक्तींखेरीज कोणालाही सांगितली नाही. दौरे थांबले, परंतु ध्वनिमुद्रणाचा वेग मंदावला नाही.

याच वर्षी मोंतसेरात काबाये यांच्यासमवेतचे ‘बार्सिलोना’ हे गीत आणि पुढील वर्षी त्याच नावाचा अल्बम प्रसिद्ध झाला. संगीतकार माइक मोरन यांच्या साहाय्याने रचलेल्या या अल्बममध्ये मर्क्युरी यांनी आपला आवाज प्रशिक्षित ऑपेरा गायिकेच्या आवाजाशेजारी उभा केला आणि तिची नक्कल न करता आपली शैली कायम राखली. त्यांच्या वैयक्तिक कामगिरीतील हा सर्वोच्च टप्पा मानला जातो. इ.स. १९९२ मध्ये बार्सिलोना येथील ऑलिंपिक स्पर्धांच्या निमित्ताने ते गीत पुन्हा गाजले; तेव्हा मर्क्युरी हयात नव्हते.

‘द मिरॅकल’ (१९८९) पासून सर्व गीते चौघांच्या सामाईक नावावर देण्यास आरंभ झाला. श्रेयावरून होणारे जुने वाद त्यामुळे मिटले.

फेब्रुवारी १९९१ मधील ‘इन्युएंडो’ हा मर्क्युरी यांच्या हयातीतील शेवटचा अल्बम. लंडन आणि स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे तो ध्वनिमुद्रित झाला. साडेसहा मिनिटांचे शीर्षकगीत, त्यातील स्टीव्ह हाव यांचे स्पॅनिश ढंगाचे गिटारवादन, लाडक्या मांजरीवरील खेळकर गीत आणि मे यांनी प्रामुख्याने रचलेले ‘द शो मस्ट गो ऑन’ यांमुळे त्याला आरंभीच्या अल्बमांची भव्यता पुन्हा लाभली. शेवटचे गीत ध्वनिमुद्रित करताना मर्क्युरी अत्यंत अशक्त होते, तरी त्यातील उंच स्वर त्यांनी पूर्ण ताकदीने गायले आहेत. प्रसिद्धीच्या वेळी श्रोत्यांना त्यांच्या प्रकृतीची माहिती नव्हती. आज हा अल्बम त्या माहितीवाचून ऐकणे जवळजवळ अशक्य आहे. मूल्यमापन करताना ही अडचण समीक्षकांपुढे नेहमीच येते. तथापि आजाराचा संदर्भ बाजूला ठेवूनही गायन व रचना या दोन्ही दृष्टींनी ‘इन्युएंडो’ हा क्वीनच्या १९८० नंतरच्या अल्बमांत सरस ठरतो, असे मत व्यापक प्रमाणात मांडले जाते.

त्यानंतरही मर्क्युरी माँत्रो येथे शक्ती असेल त्या दिवशी गात राहिले. मे १९९१ मध्ये त्यांनी ‘मदर लव्ह’ या गीताचे गायन केले, पण अखेरचे कडवे त्यांना पूर्ण करता आले नाही. ते पुढे मे यांनी गायले. या व इतर जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तिघा सहकाऱ्यांनी ‘मेड इन हेवन’ हा अल्बम नोव्हेंबर १९९५ मध्ये पूर्ण केला.

वैयक्तिक जीवन

मंचावर कमालीचे मोकळे असणारे मर्क्युरी खासगी जीवनात संकोची होते. मुलाखती ते अपवादानेच देत. मेरी ऑस्टिन यांच्यासह ते १९७० च्या दशकात अनेक वर्षे राहिले. आपल्या समलिंगी कलाची त्यांना कल्पना दिल्यावर ते नाते संपले, परंतु मैत्री अखेरपर्यंत टिकली. केन्सिंग्टनमधील ‘गार्डन लॉज’ हे आपले घर त्यांनी मेरी यांच्याच नावे ठेवले. जीवनाच्या शेवटच्या वर्षांत जिम हटन हे त्यांचे सहचर होते. चित्रे, जपानी कलावस्तू आणि मांजरे यांची त्यांना विशेष आवड होती.

मृत्यू

आजाराविषयी वृत्तपत्रांत तर्कवितर्क वाढल्यावर २३ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी यांनी निवेदन प्रसिद्ध करून आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, एड्सजन्य न्यूमोनियाने त्यांचे राहत्या घरी निधन झाले. २७ नोव्हेंबर रोजी लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंच्या उपस्थितीत जरथुश्ती पद्धतीने अंत्यविधी होऊन त्यांच्यावर अग्निसंस्कार करण्यात आले. जाहीर जीवनात त्यांनी ज्या परंपरेचा क्वचितच उल्लेख केला, तिच्याच प्रार्थनांनी त्यांना निरोप देण्यात आला.

त्यानंतर ‘बोहेमियन रॅप्सडी’ पुन्हा प्रसिद्ध होऊन ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा पहिल्या स्थानी पोचले. त्यातून मिळालेले उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या संस्थेला देण्यात आले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्ब्ली येथे स्मृतिकार्यक्रम झाला आणि एड्सविरोधी कार्यासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टची स्थापना झाली.

मूल्यमापन

मर्क्युरी यांच्या हयातीत समीक्षक व श्रोते यांच्यात क्वीनविषयी मोठी तफावत होती. रॉक संगीत प्रामाणिक, साधे व बंडखोर असावे असे मानणाऱ्या समीक्षकांना त्यांचा नाटकीपणा कृत्रिम वाटे. ऑपेरा, रंगमंचीय संगीत, गॉस्पेल, डिस्को यांच्या सीमा ओलांडणे हे त्यांच्या दृष्टीने उथळपणाचे लक्षण होते. पुढील पिढीने याच गुणांकडे सामर्थ्य म्हणून पाहिले. झांझिबार, पाचगणी, मुंबई आणि लंडन अशा अनेक ठिकाणी वाढलेल्या कलावंताला एकाच परंपरेशी एकनिष्ठ राहण्याचे कारण नव्हते, हा विचारही त्यामागे आहे.

तरीही त्यांचे सर्व अल्बम सारख्या दर्जाचे आहेत असे म्हणता येत नाही. ‘क्वीन २’ ते ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ हा काळ रचनाकार म्हणून त्यांच्या उत्कर्षाचा होता. १९८० च्या दशकात त्यांची रचना सोपी झाली व काही वेळा ठोकळेबाजही. मात्र गायक म्हणून ते याच काळात परिपक्व झाले. ‘बार्सिलोना’ व ‘इन्युएंडो’ या अल्बमांत रचनाकार आणि गायक दोघेही पुन्हा समान उंचीवर भेटतात. निवडक गीतांच्या संग्रहांनी त्यांना अफाट लोकप्रियता दिली, परंतु त्या संग्रहांत ‘क्वीन २’ची कृष्ण बाजू जवळजवळ अनुपस्थित असते आणि अपयशी प्रयोगांचाही पत्ता लागत नाही.

त्यांच्या आवाजाचाही शास्त्रीय अभ्यास झाला आहे. इ.स. २०१६ मध्ये युरोपीय संशोधकांनी त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण केले. बोलताना त्यांचा स्वर मध्यम पट्टीतील असूनही ते उंच पट्टीत गात आणि त्यांचे स्वरकंपन सर्वसाधारण गायकांहून जलद होते, असे त्यात आढळले. जबड्यातील जादा दातांमुळे पुढे आलेले दात त्यांनी, आवाज बदलेल या भीतीने, कधीही दुरुस्त करून घेतले नाहीत.

सन्मान व स्मृती

क्वीनचा इ.स. २००१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश करण्यात आला. माँत्रो येथे जिनिव्हा सरोवराच्या काठी मर्क्युरी यांचा पूर्णाकृती पुतळा इ.स. १९९६ मध्ये उभारण्यात आला. एका लघुग्रहालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. इ.स. २०१८ मधील ‘बोहेमियन रॅप्सडी’ या चित्रपटात त्यांची भूमिका करणारे रामी मालेक यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०२३ मध्ये गार्डन लॉजमधील त्यांच्या वस्तूंचा लंडनमध्ये लिलाव झाला. ज्या पियानोवर त्यांनी ‘बोहेमियन रॅप्सडी’ रचली, त्या पियानोला १७ लाख पौंडांहून अधिक किंमत आली. पाचगणीतील सेंट पीटर्स शाळेला भेट देण्यासाठी त्यांचे चाहते आजही येतात.

ध्वनिमुद्रिका

क्वीनसमवेत: क्वीन (१९७३), क्वीन २ (१९७४), शीअर हार्ट अटॅक (१९७४), अ नाइट ॲट दि ऑपेरा (१९७५), अ डे ॲट द रेसेस (१९७६), न्यूज ऑफ द वर्ल्ड (१९७७), जॅझ (१९७८), द गेम (१९८०), फ्लॅश गॉर्डन (१९८०), हॉट स्पेस (१९८२), द वर्क्स (१९८४), अ काइंड ऑफ मॅजिक (१९८६), द मिरॅकल (१९८९), इन्युएंडो (१९९१), मेड इन हेवन (१९९५, मरणोत्तर).

स्वतंत्र: मिस्टर बॅड गाय (१९८५).

मोंतसेरात काबाये यांच्यासमवेत: बार्सिलोना (१९८८).